भिंतीवरच्या वाकळा

१

दुपारची जेवणं उरकली की नाथाजी मागच्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा आणि एक टाळी वाजवायचा. मग डोळे मिटून, मान वाकडी करून, टाळीचा आवाज कुठवर जातो ते ऐकत उभा राहायचा. उंब्रजच्या पोरांनी एकदा हे खिडकीतून पाहिलं आणि गावभर केलं, की मिलिटरीतनं आलेला नाथाजी भिंतींना टाळ्या देतो. नाथाजीनं ते मनावर घेतलं नाही. पोरांना तरी दुसरा उद्योग काय होता?

तो सिग्नलमध्ये हवालदार होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन गावी आला. येताना लोक ट्रंक आणतात, घोंगडी आणतात, रमची बाटली लपवून आणतात. यानं स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. कशाला, तर बायकोचा आवाज धरून ठेवायला.

अंजनाचा आवाज गोड होता असं कुणी म्हणालं नसतं. त्यात थोडी खर होती, उन्हात वाळलेल्या लुगड्याला असते तशी. पण ती जात्यावर बसली आणि आईकडून आलेली ओवी तिनं उचलली, की रस्त्यावरचा माणूस सायकलवरून पाय खाली टेकायचा. नाथाजी बर्फात रात्रपाळी करायचा तेव्हा हेडफोनमधल्या खरखरीमागं त्याला हा आवाज ऐकू यायचा. त्या आवाजावर त्यानं तरुणपण काढलं होतं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. आपल्याकडं नवरे असलं काही बायकोला सांगत नसतात, टेपरेकॉर्डर आणतात.

सांगलीला रेडिओवर ओव्या घेणारे एक साहेब होते. ते म्हणाले, आधी स्वच्छ टेप आणा, मग बघू. आता घर हमरस्त्याला लागून. ट्रकच्या भोंग्याशिवाय एक ओवी पुरी होईल तर शपथ. म्हणून नाथाजीनं मागची खोली तयार केली. लाकडी चौकटी ठोकल्या, त्यात काथ्या भरला आणि वरून वाकळा ताणून बसवल्या. वाकळा शेजारच्या रंगूबाईंनी शिवून दिल्या, घराघरांतली जुनी लुगडी गोळा करून. चारी भिंती झाकल्या, दार झाकलं, वर तुळयांनाही वाकळा लागल्या. आत बसलं की बाहेरचा ट्रक पार कराडला गेल्यासारखा वाटायचा.

सगळं मनासारखं झालं आणि मग मांजर आडवं आलं.

ठकी अंजनाची लाडकी. घरात गादी होती, पोत्यांची थप्पी होती, दाराशी काथ्याचं पायपुसणं होतं. ठकीनं कशाला कधी नख लावलं नव्हतं. या खोलीतल्या वाकळा मात्र तिच्या डोळ्यांत सलायच्या. दार जरा किलकिलं राहिलं की आत शिरायची, मागच्या पायांवर उभी राहायची आणि वाकळीला भिडायची. चिंध्या लोंबायच्या, काथ्या बाहेर यायचा, आणि नाथाजीचा जीव तीळ तीळ तुटायचा. कारण जिथं वाकळ फाटली तिथून रस्ता आत येत होता.

त्यानं वाकळांवर मिरचीचं पाणी शिंपडलं. त्या ठसक्यानं अंजनाच शिंकून बेजार झाली. कडुलिंबाचं तेल लावलं. चौकटींच्या खाली बाभळीच्या फांद्या ठेवल्या, त्या त्यालाच लागल्या. शेवटी ओंडक्याला गोणपाट गुंडाळून चुलीजवळ उभा केला आणि ठकीचे पुढचे पाय धरून तिला त्यावर घासायला शिकवलं.

"आवं, मांजराला पाटी-पेन्सल बी आणा आता," अंजना हसून म्हणाली.

"तू हास. सांगलीला काय फाटकी टेप न्हिऊ?"

ठकीनं ओंडक्याचा वास घेतला आणि पाठ फिरवली. संध्याकाळी नाथाजीला ती पुन्हा मागच्या खोलीत सापडली. तो तिला हाकलणार तेवढ्यात एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मांजर नखं घासतं तेव्हा अंग ताणतं, आळस देतं, त्यात सुख असतं. ठकीचे कान मागं पडले होते. ती घासत नव्हती, उकरत होती. आणि तेही प्रत्येक वेळी एकाच वाकळीला, अंजना जिथं बसून गाते तिच्या बरोबर समोरच्या.

२

फाटलेला कोपरा शिवायला नाथाजी खाली बसला आणि सुईला काहीतरी कडक लागलं. बोट घालून त्यानं ते बाहेर काढलं. भाकरीचा तुकडा होता. नखाएवढा, वाळून खडा झालेला.

दुसऱ्या वाकळीचा कोपरा चाचपला, तिथंही तुकडा. तिसरीतही. रंगूबाईंनी प्रत्येक वाकळीच्या शेवटच्या टाक्याखाली भाकरीचा तुकडा घालून ठेवला होता.

नाथाजीनं कपाळावर हात मारला. सगळं कोडं उलगडलं! भाकरी आहे म्हणून उंदीर येतात, उंदीर येतात म्हणून मांजर उकरतं. एवढी साधी गोष्ट, आणि आपण मिरच्या कुटत बसलो. त्यानं दाढीचं पातं घेतलं आणि एकेका वाकळीचा कोपरा उसवत सगळे तुकडे काढले. उसवलेलं पुन्हा घट्ट शिवून टाकलं.

अंजना दारात येऊन बघत होती. "आवं, ते काढू नगा. वाकळंत घालत्यात तसं."

"कशाला घालत्यात?"

तिला माहीत नव्हतं. तिच्या आईनंही घातले होते, आजीनंही. "घालत्यात," ती पुन्हा म्हणाली.

"उंदरांचं लगीन लावायला घालत्यात," नाथाजी म्हणाला आणि तुकडे नेऊन म्हशीपुढं टाकले. म्हशीनं आनंदानं खाल्ले.

परत येऊन त्यानं दार लावलं आणि टाळी वाजवली.

तळहात तळहातावर बसला, हुळहुळला. आवाज मात्र आला नाही. आला असेल, पण इतका लगेच विझला, की वाजला की नाही याची नाथाजीला खात्री देता येईना. त्यानं पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. दिल्लीला ट्रेनिंगमध्ये त्यानं एक खोली पाहिली होती, साहेब लोकांनी लाखभर खर्चून केलेली. तीसुद्धा इतकी मुकी नव्हती. नाथाजीची छाती फुगली. खरं तर त्याच वेळी त्याला थोडं भ्यायला हवं होतं.

"अंजे, ये. बस," त्यानं हाक मारली.

अंजनानं मांडी घातली, माइकपुढं वाकली आणि ओवी उचलली.

"जात्याच्या ग पाळूवरी हात माझा फिरं बाई,
शिवंवरल्या रं चांदा, कंथ झोपला का न्हाई..."

नाथाजी स्पूलकडं बघत राहिला. आपण शिवेवर होतो तेव्हा ही इथं हे म्हणत होती, हे त्याला आज कळलं. त्याचे डोळे भरून आले. मशीनवर वाकल्याचं सोंग करून त्यानं ते पुसले.

३

टेप ऐकायला बसला तेव्हा रस्त्याचा आवाज कुठंच नव्हता. अंजनाचा आवाज स्वच्छ होता, जवळ होता, कानाशी बोलल्यासारखा. पण ओळीचा शेवटचा शब्द लागत नव्हता. "हात माझा फिरं..." आणि पुढं काही नाही. "कंथ झोपला का..." आणि काही नाही. 'बाई' नाही, 'न्हाई' नाही.

नाथाजीनं मशीनच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पूल बदलला, वायर बदलली. पुन्हा गायला बसवलं. आता शेवटचे दोन शब्द गेले.

"मशीन बिघडलंय का वो?" अंजनानं विचारलं.

"मशीन ठीक हाय."

"मग मी मनापास्नं म्हणत न्हाई का काय?"

ती बिचारी स्वतःलाच दोष देत होती. नाथाजीला ते ऐकवेना.

संध्याकाळी तो अंगणात बसला होता. अंजना म्हशीला हाक मारत होती. "चंद्रे, ये, ये..." अशी तिची हाक असायची, शेवट उंच जाणारी. आज ती उंच गेलीच नाही, मध्येच तुटली. अंजनानं गळ्याला हात लावला, खाकरली आणि पुन्हा हाक दिली. ती आणखी आधी तुटली.

"घसा बसलाय," ती म्हणाली. नाथाजीला तिच्या ओठांवरून कळलं. ऐकू आलं ते फक्त "घसा बस".

ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, लवंग दाताखाली धरून झाली. कराडच्या डॉक्टरनं बॅटरी मारून घसा पाहिला आणि म्हणाला, काही नाही, सूजसुद्धा नाही, विश्रांती द्या. घसा सगळा ठीक होता, फक्त त्यातून आवाज येत नव्हता. रोज वाक्य थोडं आखूड व्हायचं. आधी शेवट गेला, मग मधलं गेलं, आणि शेवटी अंजनाच्या तोंडून नुसती पहिली अक्षरं पडायला लागली. "आ..." म्हणायची, आणि पुढचं 'वं' नाथाजीनं मनात घालून घ्यायचं.

तो स्वतःशी हिशेब मांडायचा. थंडीचे दिवस आहेत, साखर कारखान्याची काजळी हवेत आहे, बायकांचे घसे बसतात. सगळं पटण्यासारखं होतं. तरी मागच्या खोलीचं दार त्यानं आता बाहेरून कडी घालून ठेवलं होतं.

ठकी त्या दारापाशी बसून असायची. जेवायला उठायची नाही. दार नखांनी ओरबाडायची, त्याच्या ढलप्या काढल्या होत्या. एका सकाळी नाथाजीनं कडी काढली मात्र, ती त्याच्या पायांमधून आत घुसली आणि समोरच्या वाकळीवर झेपावली. तिनं अशी काही उकरली, की पुरुषभर चिंधी टरकन् फाटली.

आणि चुलीपाशी बसलेली अंजना स्पष्ट म्हणाली, "आवं, च्या ठिवलाय."

उघड्या दारातून दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. अंजनानं आनंदानं तोंड उघडलं, आणखी काहीतरी बोलायला. आवाज आला नाही.

हे त्याला तिथंच कळायला हवं होतं. पण माणसाला कळतं ते त्याच्या सवडीनं. नाथाजीला त्या घटकेला दिसली ती फाटलेली वाकळ, वाया गेलेली मेहनत आणि पंजात चिंध्या घेऊन बसलेलं मांजर. दिवसेंदिवस दाबून धरलेलं भय कुणावर तरी काढायचं होतं. मांजर समोर होतं.

४

त्यानं ठकीला पोत्यात घातलं. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ते सायकलच्या कॅरियरला लावलं.

अंजना धावत आली. तिनं त्याचा दंड धरला. तिचे ओठ हलत होते, भरभर, कितीतरी बोलत होती ती. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाथाजीला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

"अगं मांजरच हाय. दुसरं आणू," तो म्हणाला आणि त्यानं तिचा हात सोडवला.

कृष्णेच्या पुलापलीकडं, उसाच्या फडाशी त्यानं पोतं सोडलं. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही म्हणतात. ठकी बाहेर पडली, पळाली नाही. त्याच्याकडं बघत बांधावर बसली. सायकल फिरवताना नाथाजीला स्वतःची लाज वाटली, पण त्यानं पायडल मारलं.

घरी आल्यावर फाटलेली वाकळ त्यानं शिवून टाकली. बारीक टाक्यांनी, लष्करात शिकवतात तशी.

५

त्यानंतर अंजनाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. ती भांडी घासत होती, हातभर काचेच्या बांगड्या वरखाली होत होत्या, आणि नाथाजी ओसरीवर विडी ओढत विचार करत होता की आज घर एवढं रिकामं का वाटतंय. तो उठून आत गेला. ती होती. राखेनं पातेलं घासत होती. पातेल्याचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. चुलीतली लाकडं मात्र तडतडत होती, बाहेर ट्रक चालले होते. त्याचे कान शाबूत होते.

भाकरी थापताना काठवटीवर पडणारा हात वाजत नव्हता. चालताना जोडवी वाजत नव्हती. रात्री शेजारी झोपल्यावर तिचा श्वास ऐकू येत नव्हता. पदर हललेला दिसायचा एवढंच. ती त्याला वाढायची, तो जेवून उठल्यावर मग ती जेवायची, रीतच तशी. त्यामुळं ती जेवते की नाही हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

एक दिवस ती दिसेना म्हणून तो शोधत मागं गेला. कडी काढलेली होती. अंजना खोलीत, समोरच्या वाकळीकडं तोंड करून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान होतं.

"हितं काय करतीस?" तो म्हणाला. आपलाच आवाज ओठांपाशी संपल्यासारखा वाटला त्याला.

तिनं त्याचा हात धरला, ओढून खाली बसवलं आणि त्याचं डोकं वाकळीला टेकवलं.

आधी काहीच नाही. मग, फार आतून, काथ्याच्याही पलीकडून, भिंत जिथं असायला हवी तिथून, आवाज आला. खर असलेला, उन्हात वाळलेला.

"...बाई... न्हाई... बाई... न्हाई... ये... वं... न्हाई..."

टेपमधून आणि तिच्या बोलण्यातून गेलेले सगळे शेवटचे शब्द एकामागून एक चालले होते. नाथाजीनं डोकं झटक्यानं मागं घेतलं. तो उठला, चौकटीला धडकला आणि अनवाणीच रंगूबाईंच्या घराकडं पळत सुटला.

६

रंगूबाई दारात डोळ्यांशी सुई धरून दोरा ओवत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाथाजी भाकरीच्या तुकड्यांपाशी आला तेव्हा त्यांचा हात थांबला.

"काढलंस? समद्यांतलं?"

"उंदरं येत हुती, आत्ती."

"आरं, उपाशी वाकळ कुणी घरात ठिवतंय व्हय?"

"मंजी काय हुतंय? सांगा की. काय हुतंय?"

"मला काय ठावं, बाबा?" रंगूबाई घाबरून म्हणाल्या. "माझी सासू म्हणायची, वाकळंचं प्वाट भरून मग शेवटचा टाका घाल. मी घालत आले. तिलाबी ठावं नसंल. आजपतुर कुणी काढून बघितलंय का?"

"आता काय करू?"

"घाल परत. आजच घाल."

त्यांनी स्वतः ज्वारीची भाकरी करून दिली. नाथाजीनं वाकळांचे कोपरे पुन्हा उसवले, प्रत्येकीत गरम भाकरीचा तुकडा घातला, आधीपेक्षा मोठा घातला, आणि टाके मारले. मारताना तो प्रत्येक वाकळीला हात जोडत होता. लढाईत गोळे पडत असताना ज्यानं देवाचं नाव घेतलं नाही, तो जुन्या लुगड्यांपुढं हात जोडून म्हणत होता, "खावा. एवढं खावा आन् तिचं तिला द्या."

सकाळी त्यानं दार उघडलं. प्रत्येक वाकळीच्या खाली, जमिनीवर, भाकरीचा तुकडा पडला होता. एकालाही दात लागला नव्हता. नाथाजीनं कोपरे पाहिले. टाके जसेच्या तसे होते.

वाकळांना आता भाकरी नको होती.

त्यानं रॉकेलचा डबा उचलला. झाकण काढलं. आणि हात तिथंच थांबला. पेटवून दिलं तर वाकळा जातील, पण आत जे आहे ते? ती खर, ती ओवी, तो चांद? सगळं त्याच्याच हातानं राख होईल. आणि ठेवून दिलं तर तिच्यातलं राहिलेलं तेवढंही तिकडं जाईल. नाथाजी डबा कवटाळून उंबऱ्यावर बसला आणि पोरासारखा रडला. आतल्या घरात अंजना चूल सारवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मग त्याला ठकी आठवली.

मांजरानं फाडलं तेव्हा ती बोलली होती. "च्या ठिवलाय." तेवढं बाहेर आलं होतं. मांजर वाकळ नासवत नव्हतं, आपल्या धनिणीला बाहेर काढत होतं. आत काय आहे ते तिला आधीपासूनच कळलं होतं. आणि आपण काय केलं, तर मिरची शिंपडली!

तो सायकलवर बसला, पूल ओलांडला, फडाच्या बांधावर गेला. "ठके, ठके" करत उसातून हिंडला, पात्यांनी हात-तोंड कापून घेतलं. ऊसतोडीच्या बाया हसल्या. एकीला त्यानं हात जोडून विचारलं, तांबडं मांजर दिसलं का? ती म्हणाली, "हितं तर मांजरं लय हायती, पावनं. तुमची वळखायची कशी?" उन्हं कलेपर्यंत तो फिरला. ठकी मिळाली नाही.

७

घरी आला तेव्हा सांज व्हायची होती. अंजना काठवटीत पीठ मळत होती. तिनं त्याच्या कापलेल्या हातांकडं पाहिलं आणि पुन्हा पीठ मळू लागली. नाथाजी तसाच मागच्या खोलीत गेला आणि समोरच्या वाकळीपुढं गुडघे टेकून बसला.

पातं होतं खिशात. ते त्यानं हातात घेतलं, पण ते आत कुणाला लागलं तर, या विचारानं टाकून दिलं. आणि नखं लावली.

जुनं लुगडं, त्यावर लुगडं, त्यावर लुगडं. रंगूबाईंचा टाका मजबूत होता आणि नाथाजीचा स्वतःचा त्याहून मजबूत. एक नख उलटलं. रक्त आलं. तो उकरत राहिला. एक थर फाटला आणि खोलीत, मोकळ्या हवेत, आवाज पडला.

"...फिरं बाई..."

"अंजे!" तो ओरडला. आता त्याला थांबवणारं काही नव्हतं. त्यानं दोन्ही हात घातले. चिंध्या ओढल्या, काथ्या उपसला. दर थराखाली एकेक निघत होतं. म्हशीची उंच गेलेली हाक. न ऐकलेली खोकल्याची उबळ. बांगड्यांचा एक अख्खा झुबका, खळाळत. मग रडवेला, भरभर बोलणारा आवाज, "आवं, तिला न्हिऊ नगा, ती फाडती तवाच मला जरा भाईर यायला मिळतंय, आवं ऐका की माझं..." नाथाजीला तो दिवस, पोतं, त्याचा दंड धरलेला हात आठवला. त्याच्या तोंडून हुंदका फुटला.

"आलो गं. आलो. काढतो तुला."

काथ्या संपला. भिंत लागायला हवी होती. लागली नाही. हात कोपरापर्यंत आत गेला आणि पलीकडं बोटांना बोटं लागली. गार, काचेच्या बांगड्यांच्या हाताची. त्यांनी त्याची बोटं गच्च धरली. तो हात त्यानं लग्नात धरला होता. त्याची ओळख पटायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

"धरलंय गं," तो म्हणाला. "सोडू नगंस."

"आवं," आतून अंजना म्हणाली. आवाज अगदी जवळ होता, धाप लागलेला. "तुमच्या मागं दारात कोण हुबं हाय?"

नाथाजी वळला नाही.

मागं काही वाजलं नाही. जोडवी नाही, बांगडी नाही, श्वास नाही. फक्त दारातून येणारा उजेड कमी झाला आणि वाकळीवर त्याच्या सावलीशेजारी दुसरी सावली येऊन थांबली.

"वळू नगा," आतला आवाज म्हणाला. "वढा मला. वढा, लौकर."

त्यानं जीव खाऊन ओढलं. हात थोडा पुढं आला. आणि त्याच वेळी त्याच्या मानेवर मागून एक तळवा टेकला. पिठानं ओला, उबदार. दमून आल्यावर अंजना ठेवायची तसाच, हलका, अंगठा कानामागं.

नाथाजी दोघींच्या मधे गुडघ्यांवर बसून राहिला. पुढचा हात सोडवेना, मागचा झटकवेना. बाहेरून एखादा ट्रक गेला असेल. त्याला ऐकू आला नाही.

"अंजे," त्यानं हाक मारली, जी खरी असेल तिनं ओ द्यावी म्हणून.

त्याच्या कानांवर आलं ते त्याच्याच हाकेतलं नुसतं "अं".